जुनी शिक्षा आणि पिस्तुलाचा परवाना

अच्छाडच्या रहिवाशाने पिस्तुलाचा परवाना मागितला, तर निर्णय पालघरचे जिल्हादंडाधिकारी घेतात. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ९ सांगते: हिंसाचाराच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्यास शिक्षा संपल्यावर पाच वर्षे परवाना नाही. मुळात कैद किमान सहा महिन्यांची असावी लागे. १९८३ च्या दुरुस्तीनंतर कितीही अल्प चालते.

पाच वर्षांनी ही आडकाठी सरते. उरते कलम १४, ‘सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता’. विझलेली नोंद इथूनच पुन्हा धग धरते, आणि हे सैल शब्द धोक्याचे आहेत. याच पट्ट्यात १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. सरकारदरबारी तोही शांततेचाच प्रश्न होता! दरोड्याची शिक्षा आणि मजुरीच्या लढ्यातली शिक्षा एकाच तागडीत तोलणे अन्याय्य ठरेल.

त्याच कलमात पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारू नये, असेही म्हटले आहे. नकाराची कारणे अधिकाऱ्याला लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराने ती मागून घ्यावीत आणि कलम १८ खाली अपील करावे.