गिरणीवाल्याच्या पोराने मास्तर व्हायचे नाही काय?



1 मे 1960 रोजी मराठी राज्य झाले. त्यासाठी 106 हुतात्मे पडले. आमचे पोर आमच्या भाषेत शिकावे, हे त्या मागणीच्या पोटातच होते. मग आज आम्ही विचारतो, त्या पोराला शिकवणार कोण?

मराठी शाळेत आमच्या घरातला मास्तर हवा, आमची पोरगी बाई म्हणून फळ्यापुढे उभी राहायला हवी. बाप रातपाळीला गेला की खोलीत काय होते आणि पोर सकाळी वर्गात का पेंगते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण माध्यमिक शाळेत शिकवायचे तर पदवीवर बी.एड. लागते. पूर्वी ते एका वर्षाचे होते, 2015 पासून दोन वर्षांचे झाले. वर्षाला 200 दिवस, आठवड्याला 36 तास, हजेरी शेकडा 80. पाळी सांभाळून हे कोण करील? दूरशिक्षणाची वाट आहे म्हणतात. आहे, पण ती अध्यापनाचे शिक्षण आधीच घेतलेल्यांसाठी. आमच्या नुसत्या पदवीधर पोराला ते दार बंद!

मुदत वाढवली याबद्दल आमची तक्रार नाही. कच्चा मास्तर कुणाच्याच पोराला नको. न शिकलेल्या हाती साचा देतो का आपण? पण त्यातले 20 आठवडे शाळेत राबायचे असतात. पाठ टाचण काढा, तास घ्या, वह्या तपासा. नाव भारदस्त दिले आहे, आंतरवासिता! हजेरी शेकडा 90. आणि हातात? काही नाही. अहो, गिरणीचा बदलीवाला दारावर ताटकळायचा खरा, पण साच्यावर उभा राहिला तर त्या दिवसाची मजुरी घेऊन घरी यायचा. शिकाऊ डॉक्टरला विद्यावेतन मिळते, रास्तच आहे. शिकाऊ मास्तराने काय घोडे मारले?

बरे, पास होऊन अनुदानित शाळेत लागला तरी पहिली तीन वर्षे तो 'शिक्षणसेवक'. मानधन महिना 18,000, तेही 2023 साली वाढवले म्हणून. त्याआधी 8,000 होते. एवढ्यावर खोलीचे भाडे, म्हातारीचे औषध आणि बी.एड.चे कर्ज भागवायचे!

म्हणून या सभेतून आमची पहिली मागणी: आंतरवासितेच्या 20ही आठवड्यांचे विद्यावेतन द्या. आणि ते निकाल लागल्यावर नको, महिन्याच्या महिन्याला, रोख हातात द्या.