शब्दांच्या सहवासात : 'रन'

ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांना हा अनुभव नवा नसेल. मुलगा कोश उघडतो, शब्दापुढचा पहिलाच अर्थ टिपून घेतो आणि निर्धास्त होतो. आमच्या शेजारी ह्याच निर्धास्तपणापायी एक धोतर गुलाबी झाले. नव्या साडीच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'कलर्स मे रन'. चिरंजीवांनी कोश पाहून सांगितले, "रंग धावतील." ही कारखानदाराची काव्यमय जाहिरात असावी, असे समजून आईने साडी पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजत घातली. रंग सुटेल, एवढेच बिचाऱ्या चिठ्ठीला सांगायचे होते!

पण दोष मुलाला तरी किती द्यावा? ऑक्सफर्डच्या बृहत्कोशातील 'रन' ह्या क्रियापदाची नोंद २०११ साली नव्याने सिद्ध झाली, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ भरले. १९८९ च्या आवृत्तीत हा मान 'सेट'कडे होता.

इंग्रजीत नदी, नाक, दुकान, आगगाडी ही सारी 'रन' करतात. आपल्याकडे नदी वाहते, नाक गळते, दुकान चालते, गाडी धावते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्लंडात तो आपल्याप्रमाणेच उभा राहतो. (धावाधाव कार्यकर्ते करतात, ती गोष्ट वेगळी.) फलंदाज 'रन आउट' झाला तर तो बाद, साखर 'रन आउट' झाली तर डबा रिकामा. तेव्हा कोशाआधी पाहावे, ते वाक्याचा कर्ता कोण आणि क्रियापदाच्या शेजारी कोणते शब्दयोगी अव्यय बसले आहे.

बँकेवरील 'रन' मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बंद पडली, तेव्हा घाबरलेल्या ठेवीदारांनी केरळातील इतर बँकांकडेही पैसे काढण्यास धाव घेतली. १९६२ साली ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले, त्यामागे हा धडा होता.

इंग्रजीला हसण्यापूर्वी आपल्या 'लागणे'कडेही पाहावे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दूध करपले की तळाला लागते. आपण परप्रांती राहत असाल, तर ही मौज शेजाऱ्यांना सांगून पाहा. आणि मावशी आपल्याला मावशी 'लागते', ती कशी, हेही जमल्यास समजावून द्या.