पन्नाशीनंतर टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

तरुणपणी मातीच्या ट्रॅकवर यामाहा आरएक्स १०० पळवलेले काही पेशंट पन्नाशीनंतर पुन्हा शर्यतीत उतरू पाहतात आणि गाडी कोणती घ्यावी म्हणून विचारतात. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ती टू-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास. पडली तर एकटा गडी उभी करतो. हिरोची फोर-स्ट्रोक एक्सपल्स २०० दीडशे किलोच्या पुढे. कंबरेचा विचार केला तर टू-स्ट्रोक बरी वाटते.

तरीही माझे मत फोर-स्ट्रोकलाच. टू-स्ट्रोकचा जोर वरच्या वेगात एकदम येतो. तो आवरताना मूठ आवळली जाते, कोपराखालचा हात दगडासारखा होतो, बोटे ब्रेकवर वेळेवर जात नाहीत. या वयात असे पडणे म्हणजे मनगट किंवा गळपट्टीचे हाड. फोर-स्ट्रोक खालच्या वेगापासून एकसारखी ओढते, बटनावर सुरू होते, किकपायी गुडघा दुखत नाही. पडलीच तर दोघांनी उचलावी, त्यात लाज कसली!

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर मात्र दोन्ही गाड्या नकोत. हेल्मेट असूनही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. इतरांनी रक्तदाब, साखर, ईसीजी आधी पाहून घ्यावे. आणि मे महिन्यातला सराव सकाळी आठच्या आत उरकावा, खान्देशचे ऊन आपण जाणतोच.