माझ्या मशीनवर तर चालतंय!

मंडळी, आमच्या धंद्यात हे वाक्य फार बदनाम आहे. प्रॉडक्शनला बोंब झाली की डेव्हलपर छाती पुढे काढून हेच म्हणतो. 'वनस्पतींतले स्टेरॉल घ्या, कॅन्सर टाळा' हा दावा मला अगदी त्याच जातकुळीतला वाटतो.

आधी खरं काय ते बघू. शेंगदाणे, तीळ, बदाम, डाळी, तेलं यांत हे स्टेरॉल असतात. रचनेने कोलेस्टेरॉलचे सख्खे चुलतभाऊ! त्यामुळे आतड्यात जागेसाठी त्याच्याशी भांडतात आणि कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. रोज साधारण २ ग्रॅम घेतले तर एलडीएल ८ ते १० टक्क्यांनी उतरतं. हे माणसांवर तपासलेलं आहे. मान्य.

पण कॅन्सर? बीटा-सिटोस्टेरॉल प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर टाकलं की त्या मरतात. छान. पण खाल्लेल्या सिटोस्टेरॉलपैकी ५ टक्केसुद्धा रक्तात उतरत नाही, शरीर ते परत बाहेर ढकलतं. मग बशीतला डोस फुफ्फुसापर्यंत पोचणार कसा?

कोणी म्हणेल, आतड्यात तर राहतं ना? तेही बघून झालंय. नेदरलँड्समध्ये लाखावर लोकांचा सहा वर्षं पाठपुरावा केला. २००१ साली निष्कर्ष आला: जास्त स्टेरॉल खाण्याचा आणि आतड्याचा कॅन्सर कमी होण्याचा स्पष्ट संबंध नाही.

'घेतलं तर बिघडतं काय?' हा तर आणखी धोकादायक प्रश्न. भाज्या खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो, म्हणून भाज्यांतलं बीटा-कॅरोटीन गोळीत भरलं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल लागला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अख्ख्या भाजीचं श्रेय एकाच रेणूला दिलं की असं होतं.

आणि आपण काय करतो? महागडी कॅप्सूल गिळतो आणि टपरीवर जाऊन सिगरेट पेटवतो. जेवणावर सुपारी चघळतो, जी २००४ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत आहे. तोंडातली जखम महिनाभर भरत नाही, तरी डॉक्टरकडे जायला वेळ नाही!

शेंगदाणे-तीळ जरूर खा हो. पण कॅन्सर टाळायचा असेल तर आधी ती सिगरेट आणि सुपारी सोडा. त्याची बाटली कोणी विकत नाही, म्हणून जाहिरातही होत नाही. असो.