भीती उपजत, शत्रू शिकवलेला

दंगलीची राख निवण्याच्या आतच एक वाक्य हमखास कानी येते : ‘शेवटी मनुष्यस्वभावच तो!’ पूर्वी हे वाक्य पारावरच्या गप्पांत उच्चारले जाई. आता ते विज्ञानाचा अंगरखा पांघरून येते. माणसाचा मेंदू लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत घडला, त्या काळी परक्या टोळीपासून जिवाला धोका असे, म्हणून परक्याविषयीचा संशय आपल्या रक्तातच आहे; समता आणि बंधुता ही पुस्तकी स्वप्ने होत, असा हा युक्तिवाद आहे. ज्यांच्या सोयीचा तो आहे ते तो मांडणारच. परंतु त्याला उत्तर देताना आपल्यापैकी पुष्कळजण जे बोलतात, तेही तितकेच कच्चे असते. ‘मनुष्यस्वभाव असे काही नसतेच, सारे परिस्थितीने घडते,’ असे म्हणून ते मोकळे होतात. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. इतकेच नव्हे, तर दुसरीच्या कच्चेपणावर पहिली पोसली जाते.

आधी आपल्या घरचे पाहू. हार्वर्डचे कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९७५ साली ‘सोशिओबायॉलॉजी’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणात माणसालाही या शास्त्राच्या कक्षेत आणले. रिचर्ड लेवोंटिन, स्टीफन जे गूल्ड प्रभृती त्यांच्याच विद्यापीठातील डाव्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. ‘जे आज आहे ते नैसर्गिक, आणि जे नैसर्गिक ते अटळ,’ या घसरणीचा धोका त्यांनी दाखवला, तो रास्तच होता. परंतु फेब्रुवारी १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या विज्ञान परिषदेत काही निदर्शकांनी विल्सन यांच्या डोक्यावर पाणी ओतले. पाण्याने माणूस भिजतो. मुद्दा भिजत नाही. माणूस हा उत्क्रांत झालेला प्राणी आहे आणि त्याचे मनही त्याला अपवाद नाही, हे नाकारून कोणतीही पुरोगामी चळवळ उभी राहू शकत नाही. डार्विनने १८७२ साली माणूस आणि इतर प्राणी यांच्या भावनाविष्कारांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. शरीरापुरता डार्विन मानावयाचा आणि मनाच्या उंबऱ्याशी त्याला थांबवावयाचे, ही भौतिकवाद्यांना न शोभणारी तडजोड आहे.

मग भयाविषयी आज आपल्याला काय ठाऊक आहे? आपल्या वेदांत्यांनी रज्जुसर्पाचा दृष्टांत भ्रम समजावण्यासाठी वापरला. उत्क्रांतीच्या दृष्टीने मात्र दोरीला साप समजणारा मनुष्य मूर्ख ठरत नाही. तो दहा वेळा उगाच दचकला तरी त्याचे फारसे काही गेले नाही. सापाला दोरी समजणारा एकदाच चुकला आणि संपला. अमेरिकन वैद्यक रँडॉल्फ नेसी यांनी हेच तत्त्व धुराची सूचना देणाऱ्या यंत्राच्या उदाहरणाने मांडले आहे : खोट्या घंटा वाजल्या तरी चालतील, खरी आग मात्र निसटता कामा नये. याचा अर्थ असा की, आपली भीती मुळातच गरजेपेक्षा अधिक संवेदनशील आहे आणि म्हणूनच ती सहज फसवता येते. घंटा कोण वाजवतो, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर केलेले प्रयोग या संदर्भात मुळातून समजून घेण्याजोगे आहेत. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला भीत नव्हती. रानात वाढलेले माकड सापापुढे घाबरलेले त्यांनी पाहिले आणि अल्पावकाशात तीही भिऊ लागली. पुढे चित्रफितीत फेरफार करून, माकड जणू फुलांनाच भिते आहे असे दृश्य दाखवण्यात आले. पण फुलांचे भय पाहणाऱ्या माकडांनी घेतले नाही. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. मन कोरी पाटी नाही. काही भये त्यावर चटकन उमटतात, काही उमटत नाहीत. आणि जे चटकन उमटते, तेसुद्धा कोणीतरी दाखवल्यावाचून उमटत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा : दुसऱ्या जातीचा, धर्माचा वा वर्णाचा मनुष्य आपल्या मनाला सापासारखा आहे काय? या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द उत्क्रांतिवादी मानसशास्त्राच्या गोटातून आले, हे आपल्या विरोधकांनी लक्षात घ्यावे. रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडेस यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन चमूंतील वाद ऐकणाऱ्यांना नंतर विचारण्यात आले की, कोणते वाक्य कोणाचे होते. ऐकणारे चुकत, आणि चुकताना एका काळ्या माणसाचे वाक्य दुसऱ्या काळ्याच्या, गोऱ्याचे गोऱ्याच्या तोंडी घालीत. परंतु दोन्ही चमूंत काळे-गोरे मिसळले आणि चमूची ओळख कपड्यांच्या रंगावरून स्पष्ट दिसू लागली, तेव्हा वंशानुसार होणारी ही गल्लत लक्षणीयरीत्या घटली. मन वंश शोधीत नव्हते. कोण कोणाच्या बाजूचा, एवढेच ते शोधीत होते. आपला-परका हा भेद करण्याची सवय जुनी आहे. पण ती रेषा कोठे ओढावयाची हे रक्तात लिहिलेले नाही.

ही रेषा कशी ओढली जाते, याचा धडा मुझफ्फर शेरीफ या तुर्की-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. १९५४ साली ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह येथे २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावण्यात आली. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, हाणामारी सुरू झाली. ‘मनुष्यस्वभाव’वाले येथवरच सांगतात. त्यापुढचे असे की, पाणीपुरवठा बंद पडला, गाडी अडली, आणि एका गटाला एकट्याने निभणार नाहीत अशी कामे समोर आल्यावर तीच मुले हळूहळू एकत्र आली व अखेरीस एकाच बसने घरी परतली. आणि त्याआधीचेही कोणी सांगत नाही. आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह येथे शेरीफ यांचा असाच एक प्रयोग फसला होता. तेथे मुलांची आधी परस्परांशी मैत्री झाली होती. नंतर गट पाडून, खोड्या घडवून आणून त्यांना चिथावले, तरी ती हवी तशी भांडेनात. उलट, या खोड्यांमागे मोठी माणसेच आहेत असा संशय त्यांना आला. प्रयोग गुंडाळावा लागला. आधी झालेली ओळख चिथावणीला पुरून उरली, हा त्या फसलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष यशस्वी प्रयोगाइतकाच मोलाचा आहे.

आता आपल्या भाबडेपणाविषयी. क्रोपोटकिनने १९०२ साली ‘परस्पर साहाय्य’ हा उत्क्रांतीचा घटक असल्याचे दाखवून दिले, ही मोठीच कामगिरी. सारा ब्लॅफर हर्डी यांनी २००९ साली मांडले की, मानवी मूल एकट्या आईच्या बळावर वाढतच नाही, अनेकांनी मिळून ते वाढवावे लागते, आणि आपली सहानुभूती त्यातूनच फुलली असावी. ख्रिस्तोफर बोहम यांनी १९९९ साली दाखवले की, शिकारी-संकलक टोळ्या शिरजोर होऊ पाहणाऱ्याला टोमणे, बहिष्कार, प्रसंगी त्याहून कठोर उपाय योजून वठणीवर आणतात. अर्थात, अन्यायाची चीडही भयाइतकीच जुनी आहे. परंतु म्हणून सहकार्य आपोआप घडेल असे समजू नये. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांच्या २००२ च्या प्रयोगात, सामाईक निधीत पैसे न टाकता फायदा उपटणाऱ्यांना शिक्षेची सोय नव्हती तेव्हा इतरांची वर्गणीही आटत गेली. सोय होती तेव्हा, स्वतःच्या पदराला खार लावूनही लोकांनी शिक्षा केली आणि निधी टिकला. फुकट्याला जाब विचारणारी यंत्रणा नसेल, तर चांगुलपणाही थकतो. ज्या सहकारी संस्थेत किंवा संघटनेत हिशेब मागण्याची चाल उरत नाही, तेथे सहकार्य नुसते पाटीवर राहते.

हे सारे परदेशी प्रयोगशाळांपुरते नाही. भिवंडी १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली पेटली. तेथील लोकांच्या रक्तातच वैर आहे, असे तेव्हा सहज बोलले जाई. त्यानंतर तेथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची माणसे नियमितपणे एकत्र बसू लागली, अफवेची शहानिशा तेथल्या तेथे होऊ लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेथे ९०० माणसे मेली; भिवंडी शांत राहिली. त्या आठ वर्षांत भिवंडीकरांची जनुके बदलली होती काय? बदलली होती ती संघटना. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील सहा शहरांच्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : सणाला फराळ देणे-घेणे, शेजारधर्म पाळणे याचा उपयोग आहेच; पण मोठ्या शहरात संकटकाळी टिकते ती दोन्ही समाजांना सामावणारी संघटना, मग ती कामगारांची असो, व्यापाऱ्यांची असो वा वाचकांची.

म्हणून कार्यकर्त्यांनी मनुष्यस्वभावाच्या प्रश्नापासून पळू नये. ‘माणूस भितो’ हे विधान मान्य करावे आणि लगेच विचारावे : घंटा कोणी वाजवली, धूर कोणाला दिसला, आणि त्या गोंधळात कोणाचे दुकान चालले? मात्र हा प्रश्न दंगलीच्या दिवशी विचारून भागत नाही, कारण त्या दिवशी कोणी ऐकत नाही. मिडल ग्रोव्हच्या मुलांची मैत्री चिथावणीच्या आधी झाली होती. आपल्या शाखेत, युनियनमध्ये, गल्लीच्या मंडळात पलीकडच्या वस्तीतील किती माणसे आहेत, ती नुसती यादीत आहेत की निर्णयात आहेत, याची मोजणी शांततेच्या दिवसांतच व्हावयास हवी. आणि आकडा शून्य निघाला, तर त्याचा दोष उत्क्रांतीच्या माथी मारता येणार नाही.