डेकला पीसीने मारले नाही

व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि उद्योजकतेच्या व्याख्यानांत एक कथा ठरलेली असते. १९७७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच डेक, या अमेरिकी कंपनीचे संस्थापक केन ओल्सन म्हणाले की, घरात संगणक ठेवण्याचे कुणालाही काही कारण नाही. मग पीसी आला, डेक बुडाली, गर्वाचे घर खाली झाले. ही कथा चुकीची आहे आणि ती निरुपद्रवीही नाही. एका माणसाला आंधळे ठरवले की कंपनीत पैसा कुठून येत होता आणि कोणता निर्णय कुणी अडवला, हे विचारायची गरजच उरत नाही.

आधी त्या वाक्याचा निकाल लावू. ओल्सन बोलत होते ते घराचा सगळा कारभार हाती घेणाऱ्या मध्यवर्ती संगणकाबद्दल. माणसाने स्वतः यंत्रासमोर बसून काम करावे, ही तर डेकची जन्मकल्पना होती. १९५७ साली ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले दोन अभियंते ७०,००० डॉलरच्या भांडवलावर मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी, एका जुन्या लोकरीच्या गिरणीत येऊन बसले. त्या काळी मोठ्या संगणकापर्यंत वापरणाऱ्याचा हात पोहोचत नसे. कार्डांचा गठ्ठा आत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. डेकच्या पीडीपी-१ समोर माणूस स्वतः बसू लागला. १९६२ साली एमआयटीतल्या तरुणांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. १९६५ चा पीडीपी-८ अठरा हजार डॉलरला मिळू लागला आणि साध्या प्रयोगशाळेलाही संगणक परवडू लागला. युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात पीडीपी-७ वर झाली, ती वाढली पीडीपी-११ वर, आणि सी भाषाही तिथेच घडली. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात डेकचाच डेक-१० हा संगणक होता. संगणक माणसाच्या हाताशी आणणाऱ्या माणसावर आंधळेपणाचा शिक्का मारणे हा उघड अन्याय आहे.

यावर कुणी म्हणेल, वाक्य सोडा, डेकने पीसी काढलाच नाही ना? काढला. एक नव्हे, १९८२ साली एकदम तीन काढले: रेनबो, प्रोफेशनल आणि डेकमेट. तिघांचे एकमेकांशी जमत नव्हते आणि आयबीएमच्या पीसीशीही जमत नव्हते. प्रोफेशनलच्या पोटात पीडीपी-११ होता, पण त्या पीडीपी-११ साठी लिहिलेले सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नव्हते. यंत्रांची बांधणी उत्तम, धोरण भोंगळ. तरी याला दूरदृष्टीचा अभाव म्हणता येत नाही. बाजार दिसला होता, त्यात उतरायची घाईही झाली होती.

आणि कथेचा कणा मोडतो तो आकड्यांपाशी. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. १९८२ साली डेकची वार्षिक उलाढाल चार अब्ज डॉलरच्या आत होती. १९८८ साली ती अकरा अब्जांच्या पुढे गेली. पुढे कर्मचाऱ्यांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास पोहोचली आणि संगणक उद्योगात आयबीएमच्या खालोखाल डेकचे नाव घेतले जाऊ लागले. म्हणजे पीसीचा बोलबाला होता त्या सहा वर्षांत डेक जवळजवळ तिप्पट झाली. मारेकरी घरात शिरल्यावर माणूस धष्टपुष्ट होत जातो, असे मानायचे का?

ही वाढ झाली व्हॅक्समुळे. १९७७ साली आलेले व्हॅक्स यंत्र आणि त्याची व्हीएमएस ही कार्यप्रणाली यांचा जोड असा बसला की एका लहान व्हॅक्सवर लिहिलेला प्रोग्राम मोठ्यावर जसाच्या तसा चाले. ग्राहक खूश, नफा भरघोस. प्रोसेसर, यंत्र, कार्यप्रणाली, जोडण्या, देखभाल, सगळे एकाच दुकानातून मिळे. पण सगळा हिशेब यंत्राच्या किमतीत बसवलेला होता. यंत्र स्वस्त करायचे म्हणजे सगळ्यालाच कात्री लागणार. डेकच्या मृत्यूचे बीज मला इथे दिसते.

घाव घातला तो सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपन्यांनी, युनिक्स आणि रिस्क प्रोसेसर घेऊन. सनचे एक संस्थापक बिल जॉय यांनी बर्कली विद्यापीठात युनिक्सवर जे काम केले, त्यातले मोठे काम व्हॅक्सवरच झाले होते. रिस्क म्हणजे मोजक्या, साध्या आज्ञा वेगाने पार पाडणारा प्रोसेसर. तो डेकला माहीत नव्हता असेही नाही. कंपनीत रिस्कचे एकापेक्षा अधिक प्रकल्प चालू होते. त्यांतला प्रमुख ‘प्रिझम’, आणि त्याची धुरा व्हीएमएसच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या डेव्ह कटलर यांच्याकडे होती. १९८८ साली प्रिझम बंद करण्यात आला. पुढच्याच वर्षी डेकने बाहेरच्या मिप्स कंपनीचे रिस्क प्रोसेसर घालून स्वतःची यंत्रे विकायला काढली. त्याच वर्षी व्हॅक्स ९००० हा अवाढव्य, खर्चिक मेनफ्रेमही बाजारात आणला आणि तो सपशेल पडला. कटलर आपले काही सहकारी घेऊन मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. १९९३ साली आलेली विंडोज एनटी ही त्यांच्या हातची.

व्यवस्थापनाचे अभ्यासक क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी ‘द इनोव्हेटर्स डायलेमा’ या पुस्तकात या प्रकरणाची जी मांडणी केली, ती व्याख्यानांतल्या कथेपेक्षा कितीतरी भरीव आहे. भरपूर नफ्याची सवय लागलेली कंपनी कमी नफ्याच्या वस्तूत जीव ओतत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यांनीही बोट ठेवले पीसीवर. प्रिझमचे काय? तो काही स्वस्त, कमी नफ्याचा माल नव्हता. डेकच्या नेहमीच्या ग्राहकांसाठीच ते यंत्र होते. ते थांबले, कारण त्याने व्हॅक्सची जागा घेतली असती आणि व्हॅक्सची जागा घेणारे काहीही त्या घराला मानवत नव्हते.

१९९२ साली डेकचा अल्फा आला. ६४ बिटांचा, त्या काळातला सर्वांत वेगवान प्रोसेसर. अभियंत्यांची बुद्धी आटली असती तर तो झाला नसता, आणि १९९५ साली अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्रही डेकमधून निघाले नसते. पण प्रिझम बंद पडल्यापासून चार वर्षे हातची गेली होती. अल्फा आला त्याच वर्षी ओल्सन यांना पायउतार व्हावे लागले. नंतरच्या रॉबर्ट पामर यांच्या कारकिर्दीत डिस्कचा धंदा क्वांटमला आणि आरडीबी हा डेटाबेस ओरॅकलला गेला. हडसन गावचा चिप कारखाना इंटेलकडे गेला. १९९८ साली उरलेली कंपनी कॉम्पॅकने ९.६ अब्ज डॉलरला घेतली. विकत घेणारी कॉम्पॅक पीसीवाली, म्हणून कथेला आयता पुरावा मिळाला. पण घेणारा कोण होता यावरून बुडण्याचे कारण ठरत नाही.

आणि ज्या व्हीएमएसला स्वतःच्या यंत्रापासून सोडवणे डेकला वेळेवर जमले नाही, ती कार्यप्रणाली अजून जिवंत आहे. व्हॅक्सवरून ती अल्फावर गेली, अल्फावरून इटॅनियम प्रोसेसरवर, आणि आता दुसऱ्या एका कंपनीकडून इंटेल-घराण्याच्या साध्या सर्व्हरवर चालवायला मिळते.