‘शहराबाहेर’ म्हणजे कुठे हो?

‘कचरा डेपो शहराबाहेर हलवा’ या मागणीवर आपण सगळेच डोळे मिटून सही करतो. पण मंडळी, शहराबाहेर म्हणजे नक्की कुठे? ‘बाहेर’ नावाचं गाव काही महाराष्ट्राच्या नकाशावर नाही. पुण्याचं ‘बाहेर’ म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी. औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) नारेगाव. नांदेडचं तुप्पा, लातूरचं वरवंटी. मी उमरीचा, तालुक्याच्या गावचा. आमच्यासारख्या गावांचं ‘बाहेर’ म्हणजे वेशीपलीकडचं एखादं गायरान. आणि गायरानाच्या बांधाला लागून कुणाचं तरी शेत असतंच.

ही जागा निवडतात कशी? कागदावर पद्धत चांगली आहे. घनकचऱ्याचे पहिले नियम २००० साली आले, मग २०१६ साली सुधारून आले. २०१६ च्या नियमांनी भरावाची जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर आणि वस्ती, महामार्ग, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासूनही २०० मीटर लांब हवी असं सांगितलं. जागा वीस-पंचवीस वर्षं पुरेल एवढी हवी, खाली पाणी झिरपू न देणारा थर हवा. वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात मात्र एकच कसोटी लागते: विरोध कोण कमी करेल? गायरान सरकारी, म्हणजे मोबदला नाही, भूसंपादनाची कटकट नाही आणि कोर्टात जाणारा मालकही नाही. तिथे चरणाऱ्या शेळ्यांना सातबारा नसतो. झाली जागा फायनल!

आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट गोळा करताना निदान युजरला मीटिंगला बोलावतात (ऐकत नाहीत, तो भाग वेगळा). इथे ज्याच्या विहिरीत काळं पाणी उतरणार तो माणूस मीटिंगला सोडा, मतदार यादीतही नसतो. ठराव महापालिकेच्या सभेत होतो आणि वास ग्रामपंचायतीच्या हद्दीत जातो. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

नारेगावचं उदाहरण घ्या. तीसेक वर्षं अख्ख्या औरंगाबादचा कचरा तिथे जात होता. आंदोलनं झाली, आश्वासनं मिळाली, ढीग वाढत राहिला. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या त्या अडवल्याच. चार दिवसांत शहराच्या रस्त्यांवर ढीग. मग महापालिकेने काय केलं? दुसरं ‘बाहेर’ शोधलं! शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिटमिट्याकडे गाड्या वळवल्या. ७ मार्चला तिथे दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. प्रकरण विधिमंडळात गाजलं, पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. नारेगावला पुन्हा कचरा टाकायला हायकोर्टानेही मनाई केली.

पण खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षं ‘पर्यायच नाही’ म्हणणारी महापालिका काही आठवड्यांत वॉर्डावॉर्डांत ओला-सुका वेगळा करायला लागली, कंपोस्टचे खड्डे खणायला लागली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा आपल्याच हद्दीतल्या जागा प्रक्रियेसाठी तिला सापडल्या. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही, नाहीच झालं. पण या जागा २०१८ साली आकाशातून पडल्या का? आधीही होत्याच की. नारेगाव गप्प होतं तोवर त्यांच्याकडे बघायची गरज नव्हती, इतकंच.

यावर ऑफिसातले मित्र म्हणतात, ‘अरे, सगळेच नको म्हणाले तर कचरा टाकायचा कुठे? शेवटी कुणीतरी सोसायलाच हवं.’ हे ‘कुणीतरी’ दर वेळी तेच कसे असतात, याचं उत्तर कुणी देत नाही. मिटमिट्याचे लोक आडमुठे नव्हते. ‘शास्त्रोक्त प्रक्रिया करू’ या वाक्याचं तीस वर्षांत नारेगावला काय होतं, ते त्यांना माहीत होतं.

उरुळी-फुरसुंगीची कथा तर त्याहून विनोदी. १६३ एकरांचा डेपो. २०१७ साली ही गावं पुणे महापालिकेत आली. म्हणजे पुण्याचा कचरा निदान पंचवीस वर्षं आधी पोचला, पुण्याचं मत मागून आलं. मग कर वाढले, सोयी आल्या नाहीत, गावात नाराजी झाली आणि २०२४ साली दोन्ही गावं वगळून वेगळी नगर परिषद केली. त्यामुळे पुणे महापालिकेतला मताचा हक्क गेला. डेपो आहे तिथेच आहे.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या हद्दीत कचरा होतो, त्याच हद्दीत त्याची प्रक्रिया व्हावी. हद्दीबाहेर न्यायचाच असेल तर तिथल्या ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय एक गाडीही जाऊ नये, आणि ती मंजुरी काढून घ्यायचा हक्कही ग्रामसभेकडेच असावा. ‘अशाने शहरं बंद पडतील’ म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन यावं. छोटी नगर परिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरातच कचरा वेगळा करायला लावला, ओल्यापासून गॅस आणि खत, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात. जिथे डेपो होता तिथे आता लोक बघायला जातात. असं काम करणाऱ्या नगर परिषदेला गायरान शोधत फिरावं लागत नाही.

उमरीसारख्या गावाला तर हे अजून सोपं. आपल्याकडच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो, आणि खत घालायला शेत हाकेच्या अंतरावर. हाच ओला कचरा प्लॅस्टिकसकट ढिगात दाबला की हवा मिळत नाही, मिथेन होतो, आग लागते, काळं पाणी झिरपतं. मोठ्या शहरांनी केलेला हा उद्योग तालुक्याच्या गावांनी ‘आमचाही डेपो हवा’ म्हणून कॉपी-पेस्ट का करावा?

आणि पुण्या-मुंबईतल्या माझ्या वाचकांनो, ५००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे २०१६ च्याच नियमांत लिहिलं होतं. मी एका सोसायटीच्या मीटिंगला बसलो होतो. तिथे कंपोस्टचा खड्डा बंद करायचा ठराव दहा मिनिटांत पास झाला. कारण? पार्किंगमध्ये वास येतो. खड्डा होता चार बाय सहाचा. फुरसुंगीत १६३ एकर आहेत.